पट्टा आहे, पत्ता कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात दोन पत्रं एकाखाली एक आली होती. एका ताईंचं म्हणणं, पाळीव कुत्र्यांसाठी पुण्यात कडक नियम करा. खालच्या गृहस्थांचं म्हणणं, नियम कसले करताय, आधी माणसं सुधारा. भांडण छान रंगलं होतं, पण नियम अजून व्हायचे आहेत असं दोघंही गृहीत धरून चालले होते. ते झालेले आहेत. काही तर माझ्या जन्माआधी झालेत. ते कुठे अडकून पडलेत याचा मला थोडा अनुभव आहे, म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय. कापायचं तर कायद्याचं कापा, कुत्र्याचं कापू नका.

मी पोस्टमन होतो. 1985 साली खात्यात लागलो, 2019 साली निवृत्त झालो. आधी सदाशिव पेठेतलं बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, मग कोथरूड, शेवटी पर्वती-सहकारनगर. पुणे 30, पुणे 38 आणि पुणे 9. या चौतीस वर्षांत मला तीन कुत्रे चावले आणि एक मांजर. एका बंगल्यातलं बदकही मागे लागलं होतं, पण ते या पत्राच्या विषयात बसत नाही.

मी बीटवर रुजू झालो तेव्हाचं पुणं कुत्र्यांच्या बाबतीत छोटं गावच होतं. हा कुत्रा कोणाचा, असं विचारावं लागत नसे. तो गिरणीवाल्यांचा, ती काळी मागच्या वाड्यातल्या मास्तरांची, लंगडा तो घड्याळवाल्यांचा. नावंही ठरलेली, मोत्या, खंड्या, वाघ्या. गळ्यात पट्टा नसला तरी अख्ख्या आळीला त्याचा पत्ता पाठ. कोणाचं दूध सांडलं, कोणाच्या पोराला ओरखडलं की तक्रार थेट गिरणीवर जायची आणि गिरणीवाले पीठभरल्या हातांनी बाहेर येऊन कुत्र्याला चार शिव्या घालायचे. आता एकेका सोसायटीत चारशे फ्लॅट. समोरच्या दारात कोण राहतं हे नेमप्लेट वाचूनही कळत नाही. तिथला ब्रुनो कोणाचा आणि सिंबा कोणाचा, हे कोण सांगणार? शहर वाढलं, कुत्रे वाढले, आणि कुत्र्याचा पत्ता पाठ असलेली आळी तेवढी गेली.

पहिला चावा 1989 च्या श्रावणातला. राख्यांचे दिवस, पिशवी फुगलेली. वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून आत शिरलो तर जिन्याखाली पांढरंशुभ्र पामेरियन. त्या काळी पेठांत पामेरियनची फॅशन होती. वरून आवाज आला, ‘‘या हो, काही करत नाही तो!’’ आमच्या नोकरीत या वाक्याइतकं धोक्याचं वाक्य नाही. पुढे पुढे ते कानावर पडलं की मी पिशवी पोटासमोर घ्यायला शिकलो, पण तेव्हा नवा होतो. पोटरीला चार दात लागले. काकू धावत खाली आल्या, जखमेत हळद भरली आणि चहा टाकला. मी विचारलं, याला इंजेक्शन दिलंय का? त्या दुखावल्याच. म्हणाल्या, ‘‘घरातला आहे तो. त्याला कशाला इंजेक्शन?’’

मग मला घ्यावी लागली. पोटात, रोज एक, चौदा दिवस. मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती ती. बेंबीभोवती गाठी यायच्या, सायकलवर वाकता यायचं नाही. 2005 च्या सुमारास ती लस देशातून बंद झाली. आताची लस दंडात घेतात, चार-पाच वेळा जावं लागतं, आणि सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत मिळते. हळद, चुना, तिखट यातलं काही जखमेत भरायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि तडक दवाखाना गाठायचा. हे मी बीटवरच्या निदान शंभर घरांत सांगितलं असेल. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर औषध नाही. जे काही करायचं ते त्याआधी.

कोथरूडचा चावा किरकोळ. एका बंगल्यातला डॅशहुंड, घोट्याशी. मालकांनी स्वतः रिक्षाने दवाखान्यात नेलं आणि लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांसमोर ठेवलं. कुत्र्याची लस वेळेवर झालेली होती. दहा दिवस मालक रोज संध्याकाळी पोस्टात फोन करून सांगायचे, ‘‘आज पोळी खाल्ली. आज फिरून आला. आज तुमच्या जागी आलेल्यावर भुंकला.’’ गंमत नव्हती ती. चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे पक्कं होतं. माणसाला लस पहिल्या दिवसापासून द्यायचीच असते, पण दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढची इंजेक्शनं डॉक्टर थांबवू शकतात. माझी थांबवली. त्या डॅशहुंडबद्दल माझ्या मनात आजही राग नाही.

तिसरा चावा 2011 चा. या पत्राचं खरं कारण तोच आहे. सहकारनगरच्या बाजूला बंगल्यांची एक गल्ली आहे. फाटकापाशी बसणारा तपकिरी कुत्रा मी सहा वर्षं पाहत होतो. त्या घरच्या पायरीवर झोपायचा, त्याच घरच्या वाडग्यात जेवायचा. दिवाळीत त्याच्या गळ्यात झेंडूची माळसुद्धा पाहिलीय मी. त्या दिवशी रजिस्टरची सही घ्यायला हात फाटकावर ठेवला आणि त्याने मनगट धरलं. चांगलं फाडलं. घरातले गृहस्थ बाहेर आले, रक्ताकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आमचा नाहीये तो. असाच येतो खायला.’’

वाडगं त्यांच्या पायरीवर होतं. पण कुत्र्याच्या गळ्यात काही नव्हतं. ना पट्टा, ना बिल्ला, ना कुठे कागद. मी काय दाखवणार होतो? दोन दिवसांनी गल्लीत गेलो तर वाडगंही नाही आणि कुत्राही नाही. समोरच्या बाई हळूच म्हणाल्या, गाडीत घालून गावाकडे सोडून आले. दहा दिवस लक्ष कशावर ठेवायचं? डॉक्टरांनी जखमेच्या आजूबाजूला अँटीबॉडीची इंजेक्शनं टोचली. ती लसीहून वेगळी असतात, जखम खोल असेल तर द्यावी लागतात, आणि मनगटात देताना माणूस भिंत पकडतो. वर लसीच्या पाच तारखा. त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. महिनाभर घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला की बायको टक लावून बघायची.

त्या गृहस्थांवर कायद्याचं काही चालत नव्हतं असं नाही. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा गुन्हाच आहे. पूर्वी तो दंडविधानात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कलम लागू व्हायला आधी प्राणी ‘ताब्यातला’ असावा लागतो. आणि प्राणी सोडून देणं हाही गुन्हा आहे, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात. त्याची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा ऐकून ठेवा. दहा ते पन्नास रुपये दंड. 1960 साली पन्नास रुपये म्हणजे जबर रक्कम होती. आज त्यात दोन वडापाव येतात. त्याच कलमात कुत्र्याला कायम आखूड साखळीला बांधून ठेवणं, त्याला फिरवून न आणणं हेही क्रूरता म्हणून लिहिलंय. बीटवरचा माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात चावरा कुत्रा मोकळा नसतो, जिन्याखाली दोन फुटांच्या साखळीला वर्षानुवर्षं बांधलेला असतो. त्याचा दोष नाही. जग त्याच्या अंगावर येतं आणि त्याला मागे सरकायला जागा नसते.

कुत्र्यांना पोस्टमनचाच राग का, असं मला लोक नेहमी विचारतात. कुत्र्याच्या बाजूने पाहा. रोज ठरलेल्या वेळी एक खाकी माणूस हद्दीत येतो. आपण भुंकतो. तो निघून जातो. कुत्र्याच्या हिशोबात तो रोज जिंकतो. त्याला काय माहीत की पत्र टाकून झालं म्हणून मी गेलो! वर्षाकाठी तीनशे वेळा जिंकलेला पहिलवान तीनशे एकाव्या दिवशी अंगावर येतो. मालकाने त्या वेळी कुत्र्याला फक्त आत घ्यायचं असतं. पेटी फाटकाबाहेर लावली तर तेही नको.

आता आमच्या घरच्या कुत्र्याकडे येतो. हो, तीन चावे खाल्लेल्या पोस्टमनच्या घरात कुत्रा आहे.

2021 च्या लक्ष्मीपूजनाची रात्र. फटाके ऐन भरात. तळजाई टेकडीच्या उतारावर आमचा रोजचा एक चहावाला आहे, त्याच्या बंद टपरीखाली एक पिवळसर लॅब्रॅडॉर घुसून बसला होता. जिभेची लाळ गळतेय, पाय लटपटतायत. माझा नातू तेव्हा दहा वर्षांचा, तो टपरीखाली सरपटत गेला आणि त्याला घेऊनच बाहेर आला. गळ्यात चामड्याचा उंची पट्टा, पितळी बक्कल, छोटा घुंगरू. आपला पट्टा उलटसुलट करून पाहू देत होता शहाण्यासारखा. पट्ट्यावर नाव नाही, नंबर नाही, काही नाही.

मी चौतीस वर्षं पत्ते शोधून काढले आहेत. ‘दत्त मंदिरामागे, पिवळ्या बिल्डिंगजवळ, पुणे’ एवढ्यावर पत्र पोचवलंय. ‘मामा, पर्वती पायथा’ असंही एक पोचवलंय, मामाने ते ओळखून घेतलं. म्हटलं, हा कुत्रा तर जिवंत आहे, चार दिवसांत घरी सोडतो. आसपासच्या सोसायट्यांचे वॉचमन विचारले. जनावरांचे सहा दवाखाने पालथे घातले. तळजाईच्या फाटकावर, किराणा दुकानांत, दूध केंद्रांवर कागद लावले. नातवाने मोबाइलवरून कुठे कुठे फोटो पाठवले. फटाक्यांना घाबरून कुत्रे तीन-चार किलोमीटर पळतात असं डॉक्टर म्हणाले, म्हणून पार धनकवडी आणि बिबवेवाडीपर्यंत सायकल हाणली. एकविसाव्या दिवशी थांबलो.

टपाल खात्याचं एक आहे. ज्या पत्राला घेणाराही सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता बाहेर नाही, तेसुद्धा फेकून देत नाहीत. अशा पत्रांसाठी वेगळं कार्यालय असतं. तिथे ते उघडून आत कुठे नाव-गाव मिळतंय का बघतात. कुत्रा उघडून बघता येत नाही. किंवा येतो म्हणा, पण त्याविषयी पुढे.

बायको म्हणाली, हे नॉटपेड आलंय आपल्याकडे. जुन्या वाचकांना आठवत असेल, तिकीट न लावता पेटीत टाकलेलं पत्र म्हणजे नॉटपेड. तिकीट न लावणारा नामानिराळा, आणि घेणाऱ्याला दुप्पट पैसे भरून सोडवून घ्यावं लागायचं. कानात जुना संसर्ग, अंगावर गोचीड, गोचीड-ताप, मागच्या पायाचा सांधा झिजलेला. दुप्पट नाही, बरेच जास्त भरले. वय साताच्या आसपास असावं असं डॉक्टर म्हणाले. त्याचं नाव नॉटपेड पडलं, त्याचं नॉट्या झालं, आणि दवाखान्याच्या फायलीवर ‘नॉटी’ लागलं. लोकांना वाटतं काय हौशी आजोबा आहेत.

तो हरवला होता की कोणी मुद्दाम सोडला होता, हे मला आजही माहीत नाही. लॅब्रॅडॉरचे सांधे आणि कान दुखायला लागले, खर्च वाढला की दिवाळीच्या गर्दीत गाडी थांबवून दार उघडणारे लोक या शहरात आहेत. आणि तितकेच असेही आहेत की ज्यांच्या घरात त्या रात्री कोणी जेवलं नसेल. माझ्या मनात दोन्ही घरं आहेत. एका घराला मी शिव्या देतो आणि दुसऱ्याची माफी मागतो. पट्ट्यावर दहा आकडे असते तर एकच घर उरलं असतं.

आता नियम. पुण्यात कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. मूळ तरतूद 1949 च्या महापालिका अधिनियमातली आहे. मांजरांनाही परवाना घ्यायचा, असं 2022 मध्ये ठरलं, तेव्हा पेठांत त्यावर विनोद फार झाले. मांजर अर्ज कशी भरणार वगैरे. रेबीजची लस दिल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि माझ्या मते परवान्याचा सगळा अर्थ त्या एका कागदात आहे. मी नॉट्याचा परवाना काढला, काही त्रास झाला नाही. पण काढून झाल्यावर तो कागद मी काय केला? प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात, रेशनकार्डाशेजारी. कुत्रा उद्या पुन्हा पळाला तर तो काही कपाटासकट पळणार नाही.

एका रविवारी मी तळजाईवर सकाळी साडेसहा ते आठ बसून मोजणी केली. पट्टा असलेले कुत्रे तेवीस आले. ज्यांनी जवळ येऊ दिलं त्यांचे पट्टे पाहिले, बाकीच्यांच्या मालकांना विचारलं. तिघांच्या पट्ट्यावर फोन नंबर होता. काहींच्या पट्ट्यावर नाव होतं, ‘लिओ’, ‘कोको’, एकाच्या पट्ट्यावर ‘बॉस’. नुसत्या नावाचा काय उपयोग? पाकिटावर फक्त ‘चि. बाळ’ लिहून पेटीत टाकल्यासारखं ते.

बहुतेकांना साखळीला बांधलेलं नव्हतं हेही सांगून टाकतो. तळजाईवर मोर आहेत, त्यांच्यामागे हे हौसेने सोडतात. ‘‘खेळतोय तो.’’ मोर खेळत नसतो.

कोणी म्हणेल, चिप बसवा. बसवाच. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेपाशी कातडीखाली सुईने सोडतात, आत पंधरा आकडी क्रमांक. आमच्या पिनकोडला 1972 पासून सहाच आकडे पुरले, पण ते असो. कुत्रा उघडून बघता येतो म्हणालो तो असा. नॉट्याला आता बसवलीय. पण ती वाचायला यंत्र लागतं, यंत्र दवाखान्यात असतं, आणि रात्री अकरा वाजता टपरीखालच्या कुत्र्यापाशी असतो तो चहावाला. त्याला वाचता येईल असं काहीतरी गळ्यात हवं. आमच्या नॉट्याच्या गळ्यात पितळी बिल्ला आहे, बोहरी आळीतून नेमप्लेटवाल्याकडून कोरून आणलेला. एका बाजूला माझा आणि सुनेचा नंबर, दुसऱ्या बाजूला परवाना क्रमांक. तो म्हणाला, कुत्र्याचा बिल्ला आयुष्यात पहिल्यांदा करतोय, पैसे कमी द्या.

सोसायटीतल्या भांडणांचंही मूळ मला इथेच दिसतं. आमच्याकडे बासष्ट फ्लॅट, अकरा कुत्रे. दोन वर्षांपूर्वी जिन्यात घाण सापडली आणि सभा भरली. अकरा मालक बसले होते, अकरांपैकी एकाच्याही कुत्र्याने ती केली नव्हती. मग रागाने ठराव आला. कुत्र्यांना लिफ्टबंदी, आणि घाण सापडली तर हजार रुपये. मला उठून सांगावं लागलं की असा ठराव टिकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेसुद्धा कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, मनाला येईल तो दंडही लावता येत नाही. टाळ्या पडल्या, कुत्रेवाल्यांच्या. मग मी पुढचं वाचलं. त्याच सूचनांत मालकांना सांगितलंय की इमारतीच्या आवारात साखळी धरा, लस द्या, आणि घाण आपली आपण उचला. तेव्हा टाळ्या दुसऱ्या बाजूने पडल्या. दोन्ही बाजूंच्या टाळ्या मिळवून मी त्या दिवशी दोन्ही बाजूंना नकोसा झालो.

घाण उचलण्याचं म्हणाल तर, राग मानू नका, आपला कालचा अंक मी त्याच कामाला नेतो. पुरवणी जरा गुळगुळीत असते, मुख्य अंक बरा. घरी आणून शौचालयात टाकायची आणि कागद वेगळा. ओल्या कचऱ्याच्या बादलीत अजिबात नाही, कारण सकाळी ती बादली कचरा न्यायला येणाऱ्या आमच्या ताई हाताने निवडतात. उचलायची घाई का, हे मला डॉक्टरांकडून कळलं. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून पडतात. पडल्या पडल्या ती लागण करत नाहीत, दोन-तीन आठवडे मातीत राहिली की करतात, आणि मग महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे त्याच दिवशी उचललं तर काम झालं. नाही उचललं तर पाऊस घाण धुऊन नेतो, सगळ्यांना वाटतं स्वच्छ झालं, आणि अंडी राहतात घसरगुंडीखालच्या मातीत. खत होतं म्हणणारे आमच्याकडे एक आजोबा आहेत. शेणाचं होतं, आजोबा. याचं नाही.

भटक्या कुत्र्यांवर मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांचे नियम वेगळे आहेत, 2023 चे, नसबंदी आणि लस देऊन त्याच जागी सोडण्याचे, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर जे झालं ते आपल्याच पानांवर रोज वाचलंय. फक्त एक. पाळलेली कुत्री व्याली आणि सहापैकी दोन पिल्लांना घरं मिळाली, तर उरलेली चार कुठे जातात? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे, तरी महिन्याचं पिल्लू वाढदिवसाला खोक्यातून येतं आणि वर्षाचं झालं की जड होतं. त्यालाही पत्ता नसतो, म्हणून ते कोणाचंच नसतं.

माझं मागणं थोडं आहे. परवान्याबरोबर महापालिकेने गळ्यात अडकवायचा धातूचा बिल्ला द्यावा, त्यावर परवान्याचा क्रमांक आणि एक फोन असावा. तो बिल्ला जनावरांच्या दवाखान्यातच मिळावा. रेबीजची लस टोचायला माणूस वर्षातून एकदा तिथे जातोच, त्याच टेबलावर फॉर्म, त्याच टेबलावर बिल्ला. वेगळ्या कार्यालयात वेगळ्या दिवशी बोलावलं की लोक जात नाहीत, मी स्वतः दोन महिने टाळलं होतं. पहिलं वर्ष कोणालाही दंड करू नये. बिल्लेवाला कुत्रा सापडला तर घरी पोचवावा, बस. शेजाऱ्याचा कुत्रा तासाभरात परत आलेला पाहिला की बाकीचे आपणहून रांगेत येतील. दंड, साखळी, घाण, चावा, सगळं त्यानंतर. कारण ज्याला पत्ता नाही त्याला नोटीस बजावता येत नाही, हे पोस्टमनइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि कोणत्या जातीचा कुत्रा पाळावा यावर बंदी घालण्याच्या भानगडीत पुण्याने पडू नये. 2024 मध्ये केंद्राने तेवीस जातींबाबत तसं पत्रक काढलं होतं, ते न्यायालयात अडकलं. मला चावलेल्यांत एक पामेरियन, एक डॅशहुंड आणि एक गावठी होता. मांजराची जात मला माहीत नाही.

एक कबुली द्यायची राहिली. आमच्या बीटवर आता एक नवी पोस्टमन मुलगी येते. चुणचुणीत आहे. गेल्या महिन्यात तिने फाटक उघडलं, नॉट्या उठला आणि भुंकत तिच्याकडे निघाला, दुखऱ्या पायाने का होईना. मी वरच्या गॅलरीत होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘ये गं, काही करत नाही तो.’’

तिने पिशवी पोटासमोर घेतली.

त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर पत्रपेटी ठोकली.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन,
सहकारनगर, पुणे 9

ता. क. 4 नोव्हेंबर 2021 ला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, तळजाईच्या परिसरात कोणाचा पिवळसर लॅब्रॅडॉर हरवला असेल, नर, डाव्या डोळ्यावर तीळ, गळ्यात घुंगरूचा पट्टा, आणि कुकरची शिट्टी झाली की धावत स्वयंपाकघरात येणारा, तर आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घेऊन या. आता परत मिळणार नाही. पण भेटायला या, आणि त्याचं खरं नाव काय ते सांगून जा.